आधी झाकण, मग किंमत

तू पाठवलेला फोटो पाहिला. काळं तोंड, जाड गोल बटणं, कोपऱ्यात ‘सॅन्सुई’ आणि खाली विकणाऱ्याने लिहिलेलं ‘फुल वर्किंग, मिंट कंडिशन’. या फोटोवरून एवढंच कळतं की गृहस्थाने पुढची पट्टी छान पुसली आहे. अ‍ॅम्प घ्यायला माझी ना नाही. उलट हेडफोनमधून बाहेर पडून तुला खोलीत गाणं ऐकावंसं वाटतंय, याचा आनंदच आहे. फक्त पैसे पाठवायची घाई करू नकोस.

मी जालहळ्ळीला भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्रान्झिस्टर विभागात उमेदीची वर्षं काढली आणि संध्याकाळी येलहंका उपनगरातल्या घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रेडिओ, टेपरेकॉर्डर, पुढे आखातातून आलेले हे जपानी अ‍ॅम्प उघडत बसलो. आमचे साहेब मंगळूरकडचे. बोलायचे कमी, पण मीटर हातात दिल्याशिवाय मत मांडू द्यायचे नाहीत. त्यांनी माझ्या कानात घातलं ते आणि त्यात माझी भर, असं मिळून तुला देतो.

१. लोक याच्या मागे का लागतात, ते आधी समजून घे

ही नुसती जुन्याची हौस नाही. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन असा दर बांधलेला होता, त्यामुळे जपानी माल अमेरिकेत स्वस्त पडायचा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात आशियात असलेले अमेरिकन सैनिक छावणीच्या दुकानांतून जपानी स्टिरिओ घेऊन घरी पाठवायचे. मग १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम आणला: वॅटचे आकडे फुगवायचे नाहीत, अ‍ॅम्प आधी तासभर एक तृतीयांश ताकदीवर चालवायचा आणि मग मोजायचा. त्या पातळीला असा अ‍ॅम्प भलताच तापतो. त्या परीक्षेत उतरायचं म्हणजे ट्रान्सफॉर्मर जड हवा, हीटसिंक मोठे हवेत. कंपन्यांची चढाओढ लागली. पायोनियरचा एसएक्स-१९८० हा १९७८ चा रिसीव्हर दर चॅनेलला २७० वॅट द्यायचा आणि त्याचं वजन होतं ३५ किलोच्या आसपास. पुढे १९८२ मध्ये सीडी आली, १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महागला आणि कंपन्या खर्च छाटू लागल्या. पत्रा पातळ झाला, बटणं प्लास्टिकची झाली. म्हणून संग्राहक १९७० च्या दशकातलं आणि त्याच्या थोडं पुढचं यंत्र शोधतात.

पण माझ्या लेखी खरं कारण वेगळंच आहे. ही यंत्रं उघडण्यासाठी बांधलेली आहेत. झाकणाला स्क्रू, बोर्डांना स्क्रू, प्रत्येक भाग सुटा आणि नाव छापलेला. कंपनीने सर्व्हिस मॅन्युअल काढलं, त्यात कुठल्या टोकावर किती व्होल्ट हवेत तेसुद्धा दिलं. ज्याने ते छापलं त्याला मी कधी भेटलेलो नाही, पण पन्नास वर्षांनी त्याचा कागद वाचून मला येलहंक्यात बसून दोष सापडतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे: जो दुरुस्त होईल तोच घे.

२. पुढची पट्टी नंतर, मागची पाटी आधी

मागच्या बाजूला पत्र्याची किंवा कागदाची पाटी असते. तिचा फोटो मागव. नुसतं ‘१०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ लिहिलं असेल, तर तो जपानच्या घरगुती बाजारातला आहे. तिथे घरात १०० व्होल्ट येतात. हर्ट्झ दोन का, तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तोक्योने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. त्यामुळे देशाच्या पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ, आजही. ते आपल्या पथ्यावर पडतं, कारण जपानी ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर कुरकुरत नाही. अमेरिकेसाठी काढलेल्या अ‍ॅम्पवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असतं. तो इथे जरा जास्त तापण्याची शक्यता धरून चाल.

१०० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये गेला तर नशीब असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तसाच ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळत नाही. असा अ‍ॅम्प घ्यायचाच असेल तर २३० चे १०० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर त्याच दिवशी घे. पाटीवर जेवढे वॅट खर्च लिहिलाय त्याच्या दुप्पट क्षमतेचा. स्वस्तातला बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो, त्यात दोन्ही बाजू एकाच गुंडाळीवर. तू दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, आयसोलेशनवाला माग. आणि त्या अ‍ॅम्पच्या प्लगवर लाल टेप गुंडाळून ‘१००’ लिहून ठेव. तू नसताना घरातलं दुसरं कुणी तो भिंतीत खुपसणार, हे गृहीत धर.

निर्यातीच्या मॉडेलला मागे व्होल्टेज निवडायची खाच असते. त्यात २२० आणि २४० अशा दोन जागा असतील तर २४० वर ठेव. आपल्याकडे २३० च्या काही टक्के वर-खाली हे नियमातच बसतं, आणि रात्री लोड कमी झाला की उपनगरात काटा वरच सरकतो. २२० वर ठेवलास तर आतला प्रत्येक भाग आयुष्यभर थोडा जास्त तापत राहील. खाच कुठे आहे ते दिसलं तरी विश्वास ठेवू नकोस. कुणी आतल्या वायरी बदलल्या आहेत का, ते झाकण उघडल्यावर बघ.

३. कुठून आला, ते विचार

१९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा आला, आपली माणसं तिकडे कामाला गेली आणि येताना स्टिरिओ घेऊन आली. तेव्हा आपल्याकडे आयातीवर बंधनं होती, जकात जबर होती, त्यामुळे अशी वस्तू घरात जपून वापरली गेली. कुवेत, दुबई, सिंगापूर असा प्रवास केलेला, एकाच घरात राहिलेला अ‍ॅम्प मिळाला तर भाग्य समज. सौदीहून आलेला असेल तर खाच दोनदा तपास. तिकडे तेव्हा अनेक ठिकाणी १२७ व्होल्टचा पुरवठा होता.

मुंबई, कोकण, गोव्याकडून आलेल्या अ‍ॅम्पमध्ये खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवं चढलेलं असतं. स्क्रूची डोकी आणि इनपुटच्या सॉकेटांचे गोल बघ. बंगळूरची हवा या बाबतीत बरी.

नावाला भुलू नकोस. सॅन्सुई मुळात ट्रान्सफॉर्मर बनवणारी कंपनी, १९४७ ची. १९८९ मध्ये ती ब्रिटनच्या पॉली पेककडे गेली, आणि पुढे भारतात औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने ते नाव टीव्हीवर आणलं. ते टीव्ही घराघरांत चालले, तुझ्या आईकडेही होता. पण त्या काळानंतरची त्या नावाची म्युझिक सिस्टिम आणि १९७० च्या दशकातला एयू-७१७ यांचा संबंध नावापुरताच. मरान्ट्झचं उलटं. कंपनी न्यूयॉर्कची, सॉल मरान्ट्झने १९५३ मध्ये काढलेली, पण सत्तरच्या दशकातले ज्यांच्यासाठी लोक वेडे होतात ते बहुतेक अ‍ॅम्प जपानमध्ये बनलेले.

शोधायला मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीट आहे, शुक्रवारी बंद. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. आपल्याकडे बी.व्ही.के. अय्यंगार रोडचा रविवारचा बाजार. तिथे सकाळी लवकर जा, कारण चांगला माल दुकानदारच आधी उचलतात. पुण्या-मुंबईहून आणायचा असेल तर कुरियरवर टाकण्यापेक्षा उद्यान एक्सप्रेसने बर्थखाली ठेवून आण. गाडी येलहंक्यावरूनच जाते. बटणं काढून वेगळ्या पिशवीत, अ‍ॅम्प कधीही आडवा-उभा न करता पायांवर. ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असतो, त्यामुळे उचलताना वजन एका हातावर येतं. आधीच अंदाज घे.

४. ‘झाकण उघडा’ म्हण

हा मुख्य मंत्र. वरच्या झाकणाला चार-सहा स्क्रू असतात, दोन मिनिटांचं काम. ‘कंपनी सील आहे’, ‘आजवर उघडलाच नाही’ असं कोणी सांगितलं तर नमस्कार करून उठ. पन्नास वर्षांत न उघडलेला अ‍ॅम्प म्हणजे पन्नास वर्षांत न साफ केलेला अ‍ॅम्प, आणि उघडलेला असून तो तसं म्हणत असेल तर त्याहून वाईट.

प्लग काढलेला असतानाच आत बघ, हात लावू नकोस. आतले दोन मोठे डबे, म्हणजे फिल्टर कपॅसिटर, बंद केल्यावरही भार धरून असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धर. सगळीकडे सारखी करडी धूळ असेल तर चांगलं लक्षण. एखादाच कोपरा चकचकीत असेल तर तिथे कुणाचा तरी हात लागलाय. तिथले झाळकाम बघ: मूळ झाळ बारीक, एकसारखी, नंतरची ओबडधोबड, कडेला पिवळट रोझिन. मग फ्यूज बघ. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली किंवा वरून तांब्याची तार झाळलेली दिसली, तर हा अ‍ॅम्प शॉर्ट असताना जबरदस्तीने चालवलाय असं समज.

कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी, कडक झालेला थर दिसेल. पुष्कळ जण त्याला कपॅसिटर फुटला म्हणतात. बहुतेक वेळा तो कारखान्यात लावलेला गोंद असतो. नवा असताना फिकट, निरुपद्रवी. वर्षानुवर्षं तापून तपकिरी झाला की तो ओलावा धरतो, वीज गळू देतो आणि शेजारच्या भागांचे पाय कुरतडतो. तो लाकडी काडीने खरवडून काढावा लागतो. अ‍ॅम्प त्यासाठी नाकारू नकोस, पण मजुरी किमतीतून कमी कर.

‘स्वल्प अड्जस्ट माडि’, म्हणजे ‘थोडं सांभाळून घ्या’, हे बसमध्ये ठीक आहे, फ्यूजमध्ये नाही.

५. सिरीज बोर्डाशिवाय पहिला प्लग लावू नकोस

कुठलाही अनोळखी अ‍ॅम्प पहिल्यांदा चालू करताना त्याच्या आधी सिरीजमध्ये फिलामेंटचा बल्ब हवा, लहान अ‍ॅम्पला ६० वॅटचा, मोठ्याला १०० चा. हाच सिरीज बोर्ड. एलईडी चालत नाही. साधा बल्ब आता दुकानात सहज मिळत नाही, दिसला की दोन जास्तीचे घेऊन ठेव. प्लग लावलास की बल्ब भक्कन पेटेल, कारण आतले मोठे कपॅसिटर भरत असतात. मग तो मंद होत जायला हवा. मंद झाला तर पुढे जा. झगझगीतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढ. बल्बने सगळी आग स्वतःवर घेतली आणि तुझा अ‍ॅम्प वाचला. बल्बवर असताना आतला रिले कधीकधी ओढला जात नाही, त्याने घाबरू नकोस.

६. ‘टिक्’ ऐक आणि मिलिव्होल्ट मोज

चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टिक्’ असा आवाज येतो. तो प्रोटेक्शन रिले. स्पीकरच्या वाटेवर घातक डीसी व्होल्टेज नाही अशी खात्री झाली की तो वाट मोकळी करतो. टिक् झालंच नाही तर आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा त्याच्या मागचं काही गेलंय. सत्तरच्या सुरुवातीच्या काही अ‍ॅम्पमध्ये रिले नसून स्पीकरच्या वाटेत मोठा कपॅसिटर असतो. तिथे टिक् नाही, हलका ‘धप्’ येतो. म्हणून सर्किट आधी बघून जा.

आता स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर, अ‍ॅम्प दहा-पंधरा मिनिटं तापू दे. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेव आणि स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर टोकं लाव. डावं, मग उजवं. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, २० च्या आत असेल तर छान. १०० च्या वर गेलं तर दुरुस्ती आहे. पूर्ण व्होल्टात आलं तर तुझ्या स्पीकरची कॉइल जळायला काही सेकंद पुरतात. साध्यातल्या साध्या मीटरवर ही परीक्षा होते. तरी विकत घेणाऱ्या दहांतले नऊ जण गाणं लावून मान डोलावतात आणि पैसे मोजतात.

पहिलं गाणंही तुझ्या चांगल्या स्पीकरवर नको. एखादी जुनी, गेली तरी हळहळ वाटणार नाही अशी जोडी ठेव.

७. बंद चॅनेल म्हणजे मेलेला चॅनेल नव्हे

एका बाजूचा आवाज येत नाही म्हणून किंमत पडलेली असते, आणि दोष मात्र बटणात असतो. आधी ‘टेप मॉनिटर’ दाबलेलं नाही ना बघ. ते दाबलेलं असलं की अ‍ॅम्प टेपची वाट बघत गप्प बसतो. मग बॅलन्स, मोनो-स्टिरिओ, स्पीकर ए-बी. मागे काही अ‍ॅम्पना ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या पितळी काड्या असतात. त्या हरवलेल्या किंवा काळ्या पडलेल्या असतील तर चॅनेल बंद. काढून पुसून बसव.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर आत धूळ आणि ऑक्साइड. कॉन्टॅक्ट क्लीनर मार, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरव, वाळू दे. गंजासाठीचा तेलकट स्प्रे मारू नकोस, तो धूळ धरून ठेवतो. रिलेचे पॉइंट कधी पॉलिशपेपरने घासू नकोस. वरचा मुलामा जातो आणि महिन्याभरात दोष परत येतो. तेवढ्याच व्होल्टच्या कॉइलचा नवा रिले टाक.

८. वॅट मोजू नकोस, खोली मोज

दुप्पट वॅट म्हणजे आवाज दुप्पट नव्हे, फक्त ३ डेसिबल जास्त. तुझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ९० डेसिबल संवेदनक्षमतेचे स्पीकर असतील तर मरान्ट्झ १०६० चे ३० वॅटही भरपूर झाले. शेजारी तक्रार करतील तेव्हा काटा दोन-चार वॅटवर असेल. मोठ्या आकड्याचे पैसे मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी द्यावेत, आवाजासाठी नव्हेत. स्पीकर ८ ओहमचे घे. दोन जोड्या एकदम लावायचा मोह टाळ, कारण ए आणि बी एकत्र दाबलं की अनेक अ‍ॅम्पवर ओझं दुप्पट होतं.

९. न मिळणाऱ्या भागाचा अ‍ॅम्प पहिला घेऊ नकोस

सोनीने सत्तरच्या दशकात टीए-५६५० सारख्या अ‍ॅम्पमध्ये व्ही-फेट नावाचे ट्रान्झिस्टर वापरले. त्यामागे तोहोकू विद्यापीठाच्या जुनइची निशिझावांचं संशोधन. ऐकायला सुरेख, पण ते गेले की बदली भाग बाजारात नाही. संग्राहक म्हणून दहाव्या वर्षी घे, पहिल्या नको.

दुसरं, आत एसटीके लिहिलेली काळी चौकोनी वीट आहे का विचार. सान्योची ही संपूर्ण पॉवर स्टेज एकाच डबीत असते. पायोनियरच्या एसएक्स-७८० मध्ये अशाच आहेत. चालू आहे तोवर उत्तम. गेली की बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा नकली असतात. सुट्या ट्रान्झिस्टरांचा अ‍ॅम्प नवख्याला बरा, कारण त्यात मेलेला एकच भाग बदलता येतो.

जपानी ट्रान्झिस्टरचं नाव वाचायला शीक. अंगावर ‘सी ४५८’ असेल तर तो २एससी४५८. पुढचं ‘२एस’ छापत नाहीत. ए आणि बी पीएनपी, सी आणि डी एनपीएन. हाच ४५८ आणि २एसए७२६ हे दोघं म्हातारपणी ‘सूंऽऽ’, ‘खर्रर्र’ असा आवाज काढायला लागतात. पाय काळे पडलेले दिसले तर हेच आधी संशयित. भाग स्वस्त आहेत, शोधणारा कान हवा.

१०. मेकॅनिकला तीन प्रश्न विचार

एस.पी. रोडवर गेलीस तर दुरुस्त करतो म्हणणारे पुष्कळ भेटतील. तीनच गोष्टी विचार. सर्किट तुमच्याकडे आहे का, की मी आणू? काढलेले भाग परत द्याल का? पहिल्यांदा सिरीज बोर्डावर लावता का? तिसऱ्या प्रश्नाला जो हसेल त्याच्याकडे देऊ नकोस. जो म्हणेल ‘सर्किट घेऊन या, आठ दिवस लागतील’, त्याला दे आणि घाई करू नकोस.

आउटपुट ट्रान्झिस्टर बदलायचे असतील तर पावतीवाल्या अधिकृत वितरकाकडून घे. २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही जोडी सर्रास नकली मिळते. छाप हुबेहूब, आत चिप बारीक; मोठ्या आवाजात पहिल्याच संध्याकाळी जाते. एका चॅनेलचा एक गेला तरी त्याचा जोडीदारही बदल. खाली अभ्रकाची चकती आणि पेस्ट नीट बसली का हे मीटरने तपासून घे. ट्रान्झिस्टरचं अंग हीटसिंकला चिकटलं तर दुरुस्ती पहिल्यापासून.

अ‍ॅम्पसाठी जेवढे पैसे बाजूला काढलेस त्यातला तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी ठेव. उरलेल्यात बसेल तोच अ‍ॅम्प तुझ्या आवाक्यातला.

११. सगळे कपॅसिटर एकदम बदलायला देऊ नकोस

हल्ली ‘फुल रिकॅप केलाय’ असं सांगून किंमत चढवतात. मला ते ऐकलं की धास्ती वाटते. शंभर भाग एका दिवशी बदलले आणि एक उलटा बसला, तर तो शोधणार कसा? एक बोर्ड घे, फोटो काढ, भाग बदल, लाव, ऐक, मोज. मग पुढचा बोर्ड. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात, ते बदलायचे: क्षमता तीच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, १०५ अंशांवाले. फिल्मचे कपॅसिटर चांगले असतील तर त्यांना हात लावू नकोस. मूळ भाग पिशवीत घालून आतच किंवा मॅन्युअलबरोबर ठेव. पुढच्या संग्राहकाला ते बघायचे असतात.

काम संपल्यावर बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरांतून सतत वाहणारा थोडासा प्रवाह) आणि ऑफसेट (स्पीकरच्या टर्मिनलवर मोजलेले ते मिलिव्होल्ट) मॅन्युअलप्रमाणे लावायला सांग. थंड अ‍ॅम्पवर लावलेला बायस गरम झाल्यावर चुकतो, म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून मग.

१२. ऐकायचं ते तानपुऱ्यावर

दुकानात मोठ्याने ढोल वाजवून दाखवतात, त्यात सगळे दोष झाकले जातात. तू भीमसेनजींची किंवा किशोरीताईंची कुठलीही रेकॉर्ड लाव, जिथे गाणं सुरू होण्याआधी नुसता तानपुरा आहे. दोन्ही स्पीकर सारखे बोलतात का? तार छेडल्यानंतरचा झंकार विरत जाताना मध्येच तुटतो का? तुटत असेल तर बायस कमी आहे.

मग गाणं बंद करून स्पीकरजवळ कान ने. जाड, खालचा ‘हूं’ ५० हर्ट्झचा असेल तर दोष केबल, अर्थिंग किंवा टर्नटेबलच्या जीएनडीच्या तारेचा. त्याच्या वरच्या सप्तकातला ‘हूं’, म्हणजे १०० हर्ट्झचा, असेल तर फिल्टर कपॅसिटर थकलेत, कारण रेक्टिफायर ५० चे १०० करतो. तुझा कान सुरांना तयार आहे, तुला हा फरक पहिल्या दिवशी कळेल. फोनो इनपुटवर जरूर ऐक. या अ‍ॅम्पचा फोनो विभाग हेही लोक ते घेतात याचं एक कारण आहे.

एरो इंडियाच्या, म्हणजे विमानांच्या प्रदर्शनाच्या, आठवड्यात मात्र अ‍ॅम्प पारखायला इकडे येलहंक्याला येऊ नकोस. हवाई दलाच्या तळाच्या बाजूला खिडक्याच गातात.

१३. येलहंक्यात सांभाळायचा असेल तर

वर एक वीतभर जागा मोकळी, झाकणावर टर्नटेबल, पुस्तकं, नक्षीचा रुमाल काही नाही. वीज गेली की बटण नव्हे, प्लग काढ. अपार्टमेंटचा जनरेटर चालू होताना आणि परत लाइनवर येताना झटका बसतो. एप्रिल-मेच्या संध्याकाळी वळवाचा गडगडाट सुरू झाला तर अँटेनाची तारही काढून ठेव. आजूबाजूला बांधकामं चालू आहेत तोवर लाल धूळ येणारच. वर्षातून एकदा झाकण काढून मऊ ब्रशने आणि हवेने साफ कर. पाली आणि झुरळं उबेला आत जातात; पाल ट्रान्झिस्टरच्या पायांवर आडवी झाली तर ती आणि तो दोघंही जातात. झरोक्याखालून बारीक जाळी लाव.

पुढची पट्टी थिनर, स्पिरिट, काच पुसायचं औषध यांनी पुसू नकोस, छापलेली अक्षरं उडतात. ओलसर मऊ फडकं आणि साबणाचा थेंब पुरे. महिनोन्‌महिने पडून राहू देऊ नकोस. आठवड्यातून एखादा तास चालला तर कपॅसिटरही बरे राहतात आणि बटणंही.

१४. वही ठेव

अ‍ॅम्पच्या नावाची एक वही कर. घेतला तेव्हाचा ऑफसेट, बायस, मागच्या खाचेची जागा, काय बदललं, कोणाकडून, कुठल्या तारखेला. दर वर्षी पुन्हा मोजून लिही. दोन वर्षांत १५ चे ४० मिलिव्होल्ट झाले तर काहीतरी सरकतंय हे तुला कान सांगायच्या आधी कळेल. पुढे कधी विकावासा वाटला, किंवा एखाद्या पोराला द्यावासा वाटला, तर मॅन्युअल, जुन्या भागांची पिशवी आणि वही तिन्ही बरोबर दे. यंत्र बनवणाऱ्याने त्याचा कागद आपल्यापर्यंत पोचवला म्हणून आपल्याला ते सांभाळता आलं. वही दिली नाहीस तर घेणारा पुन्हा शून्यापासून मोजत बसेल.

त्या फोटोवाल्याला आज फोन कर आणि मागच्या पाटीचा फोटो माग. रविवारी जायचं ठरलं तर मीटर आणि सिरीज बोर्ड माझ्याकडून घेऊन जा.